घुमीचे शिफारसपत्र

घुमीने आपले शिफारसपत्र आपणच लिहून आणले, तर गणिताच्या सरांचा अख्खा रविवार सुटणार होता. शेवटच्या वर्गातली बावीस मुले कॉलेजांना अर्ज करणार, आणि प्रत्येकाला सरांचेच पत्र हवे. सरांनी सोपी वाट काढली.

"तुम्हीच लिहा रे, मी सही ठोकतो. स्वतःला तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

वर घुमीचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून तिच्या मैत्रिणीचे, बडबडीचे, पत्रही तिच्याच गळ्यात पडले. दोघींचा अर्ज एकाच कॉलेजला. शाळेच्या वाट्याला तिथे फीमाफीची एकच जागा, आणि घुमीची आई शिवणकाम करणारी; ती जागा नाही तर कॉलेजही नाही. पण घुमीला बडबडीपेक्षा नऊ गुण जास्त होते. नऊ गुणांच्या भरवशावर उदार होणे सोपे असते.

बडबडीचे पत्र वीस मिनिटांत झाले. फळ्यावर गणित चुकले तरी ती हसत पुन्हा सुरुवात करते, मागच्या बाकाला समजेपर्यंत घरी जात नाही. सगळे खरे आणि सगळे गोड. स्वतःच्या पत्रापाशी मात्र पेन अडले.

"आई, माझ्यात चांगलं काय आहे गं?"

"कामाला चुकत नाहीस," आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली. "आणि आपली पाठ आपण थोपटू नये. हात मुरगळतो."

घुमीने लिहिले: विद्यार्थिनी नियमित आहे. वही स्वच्छ असते. तक्रार नाही.

सरांनी न वाचता सह्या केल्या आणि लिफाफे चिकटवून क्लार्ककडे दिले. दुसऱ्या दिवशी बडबडीने घुमीच्या वहीतले दोन्ही कच्चे मसुदे वाचले. आपला वाचून तिचे डोळे भरले. दुसरा वाचून तिने कपाळावर हात मारला.

"अगं बये, हे शिफारसपत्र आहे की पंखा दुरुस्त झाल्याची पावती? चल, आत्ताच्या आत्ता बदलून घे!"

आधी सरांना गाठले. "नऊ गुण जास्त आहेत तुला, वेडे! पत्रं वाचतंय कोण?" सर म्हणाले. स्वतः वाचत नसल्यामुळे त्यांचा तसा प्रामाणिक समज होता.

मग ऑफिसच्या खिडकीशी क्लार्क.

"काका, एकच पत्र बदलायचंय."

त्याने चष्म्यावरून पाहिले. "पत्र गुप्त असतं. आत काय आहे ते तुला कसं ठाऊक?"

खरे सांगावे तर सर अडकणार, आणि बावीसच्या बावीस पत्रे रद्द. शेजारी बडबडीसुद्धा, जन्मात पहिल्यांदाच, गप्प होती.

"काही नाही, काका. सहज विचारलं."

कॉलेजात पत्रे वाचत होते. घुमीला उत्तर आले: गुण उत्तम, परंतु शाळेलाच या विद्यार्थिनीविषयी विशेष काही सांगायचे नाही, असे दिसते.

बडबडीला जागा मिळाली. शाळेला नाव मिळाले. बडबडीचे वडील ऑफिसात येऊन सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "काय लिहिलंत हो सर! कॉलेजवाले कौतुक करत होते." सरांनी नम्रपणे मान लववली. किंमत मोजणारी तेवढी एकटी घुमी. ती त्याच खिडकीशी शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला उभी होती. वर्तणुकीच्या रकान्यात क्लार्कने लिहिले, 'चांगली'. तिने वाचले, आणि खाली सही केली.