अभिषेकाचं दूध

मित्रांनो, नाथाजींच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्याला टेकून जो पोचे पडलेला, झाकण हरवलेला दुधाचा कॅन उभा आहे, तो मी. कडेगावजवळच्या या वस्तीवर मी म्हातारा झालो. पण मी काही जन्मापासून असा नाही. कारखान्यातून चकचकीत होऊन मी लोणंदच्या बाजारात आलो. नाथाजींनी मला बोटांनी वाजवून पाहिले आणि घरी आणले. त्यांच्या पत्नी शालूबाई रोज मला राखेने घासून उन्हात पालथा घालायच्या. सकाळ-संध्याकाळ भरून डेअरीला जायचे आणि रिकामे परत यायचे, हे माझे काम. कष्ट होते, पण मान होता.

नाथाजींचा मुलगा ऋषिराज हा राजवर्धन नावाच्या नटाचा वेडा चाहता. त्या नटाचा सिनेमा लागला की गावातली पोरे थिएटरसमोर त्याचा उंच कटआउट उभा करायची, शिडीवर चढायची आणि त्याच्या डोक्यावर दुधाचा अभिषेक घालायची. ते दूध माझ्यातले असे. हलगी वाजे, गुलाल उडे, माझ्याही गळ्यात झेंडूची माळ पडे. दूध मात्र कटआउटच्या पायांवरून थेट गटारात जाई.

मग एके वर्षी राजवर्धनने मोबाइलवरच्या व्हिडिओतून सगळ्या चाहत्यांना हात जोडले. अशक्त, कुपोषित मुलांसाठी त्याने सांगलीत स्वतःच्या पैशाने एक वॉर्ड सुरू केला होता. तो म्हणाला, "माझ्यावर दूध ओतू नका. ते भुकेल्या लेकरांना द्या, म्हणजे मला पोचलं."

ऋषिराजच्या चाहता मंडळाने हा शब्द वरच्यावर झेलला. हंगामात ऊस तोडायला आमच्याकडे बाहेरगावच्या टोळ्या येतात आणि उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहतात. पोरे मला मोटारसायकलला बांधून रोज तिकडे नेऊ लागली. आवाज ऐकला की लेकरे पेले, तांबे, कान तुटलेले कप, हाताला लागेल ते घेऊन धावत येत. पिऊन झाले की सगळ्यांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा! माझ्या आयुष्यात खरे सुखाचे दिवस तेवढेच.

त्या लेकरांत टोळीतल्या मंगलची मुलगी होती, स्वप्नाली. ती धावत येत नसे, आईच्या कडेवर येई. तिच्या पोटात दूधही ठरत नव्हते. पोरांनी कळवल्यावर सांगलीच्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी निरोप दिला, खाट ठेवली आहे, या आठवड्यात पोरीला आणाच. मंडळाने जीप ठरवली. ऋषिराज मंगलला म्हणाला, "ताई, रविवारी सकाळी गाडी कोपीसमोर उभी बघा." त्याच्या मनात खोट नव्हती.

पण त्याच आठवड्यात राजवर्धनला लहान मुलांसाठी केलेल्या कामाबद्दल मोठा पुरस्कार मिळाला. पोरांना आनंद आवरेना. "आरं, देवमाणूस हाय आपला! एवढ्या डावाला तरी अभिषेक घालूया की गड्या!" मिरवणूक रविवारीच ठरली, आणि कटआउट उभा करायला गाडीही तीच घेतली.

नाथाजी भडकले. "आरं, आदी त्या पोरीला न्या. मिरवणूक काय पळून चालली व्हय?"

"एक फेरा मारतो आन् लगीच नेतो, आबा," ऋषिराज म्हणाला.

लेकरांचे दूध पोटात घेऊन मी त्याच जीपमध्ये होतो. एका फेऱ्याने कुणाचे मन भरेना. शेजारच्या गावचे चाहते येऊन मिळाले, डीजे आला, चौकाचौकात गाडी अडली. ज्याने दूध ओतू नका म्हणून हात जोडले होते, त्याच्याच डोक्यावर मला रिकामे केले. जीप कोप्यांकडे वळली तेव्हा दुपार उलटून गेली होती.

मंगल रस्त्याच्या कडेलाच बसली होती. ऋषिराज गुलालाने माखलेला खाली उतरला. "ताई, चला, बसा लवकर."

ती त्याच्याकडे बघतही नव्हती. "आता कशाला, दादा?" एवढेच म्हणाली.

पोरे रडली, अगदी मनापासून रडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. स्वप्नालीचा फोटो कुणाजवळच नव्हता, म्हणून त्यावर राजवर्धनचाच छापला. मला ते पाहवले नाही.

त्या दिवसापासून ऋषिराजने मला हात लावला नाही. त्या लेकरांसमोर जायची त्याला लाज वाटते. मंडळही थंड पडले. डेअरीला नवा स्टीलचा कॅन जातो आणि मी इथे धूळ खातो.

यंदा टोळी पुन्हा आली. परवा मंगल तांब्या घेऊन आमच्या अंगणात उभी होती. कडेवर नवे बाळ होते. "माय, औंदा दुधाची गाडी न्हाई का येणार?"

शालूबाईंनी तिचा तांब्या भरला. "न्हाई बाई. पोरानं सोडलं त्ये."

"माझ्या एकटीचं न्हाई म्हणत मी. तिथं लय लेकरं हायती."

ऋषिराज आत होता, सगळे ऐकत होता. बाहेर आला नाही.

मित्रांनो, हातून चूक झाली की लाज वाटते, आणि वाटायलाच हवी. पण त्या लाजेपायी हातातले चांगले काम टाकू नका, कारण त्यात उपाशी दुसरेच कुणी राहते. हे मला ऋषिराजला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. मंगल जाताना म्हणाली, मोटारसायकल वाजली की अजूनही लेकरे भांडी घेऊन रस्त्यावर येतात. ती दुसऱ्याच कुणाची तरी असते.