पाच माणसांची लिफ्ट

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. ज्यावर चटकन विश्वास बसतो ते सांगायला माणूस कशाला लागतो, वर्तमानपत्र पुरतं. पण मी पाहिलं आहे, या दोन डोळ्यांनी, स्टुलावर बसून: नीतिशास्त्राचे पाच गाढे पंडित एका उघड्या लिफ्टमध्ये अडकले होते. उघड्या म्हणतोय मी. दार सताड उघडं, समोर जिना, आणि एकालाही बाहेर पडता येत नव्हतं.

जावईबापू हसले. नवीन आहेत, अजून हसतात. आमची लेक पलीकडे टेबलावर परीक्षेचे पेपर तपासत होती. ही गोष्ट मी तिच्यासमोर सांगत नाही, पण त्या दिवशी तिचं लक्ष पेपरांत आहे असं मला वाटलं.

"उघड्या लिफ्टमध्ये अडकतं कोण, बाबा?" जावईबापूंनी विचारलं.

"शिकलेली माणसं," मी म्हणालो.

विद्यापीठाच्या सातमजली इमारतीत मी एकवीस वर्षं लिफ्ट चालवली. जाळीचं दार, पितळी दांडा. दांडा उजवीकडे ढकलला की वर, डावीकडे ढकलला की खाली. माझ्या डोक्यावर दोन पाट्या होत्या. एकीवर 'पाच माणसे' एवढंच. दुसरीवर बारीक अक्षरात, की दांडा लिफ्टमनखेरीज दुसऱ्याच्या हाती आढळल्यास लिफ्टमनला कामावरून कमी करण्यात येईल. ही दुसरी पाटी मी रोज न चुकता पुसायचो. आणि आदल्याच आठवड्यात वरच्यांनी एक सुधारणा करून ठेवली होती: वजन जास्त झालं की घंटा वाजायची आणि दार लागायचं नाही. सुधारणा नेहमी अशीच असते, आधी वाजते.

त्या दिवशी लेकीची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा होती, अकरा वाजता, सातव्या मजल्यावर. चार वर्षं खपून तिने प्रबंध लिहिला होता, विषय 'योग्य वागणे म्हणजे काय'. त्या चार वर्षांत मी जेवताना मीठ मागितलं तरी ती आधी विचारात पडायची. परीक्षा दोनदा पुढे ढकलली गेली होती. अध्यक्षांना दुपारी विमान गाठायचं होतं. एकच्या आत सुरू झाली तर झाली, नाहीतर थेट पुढच्या वर्षी, आणि जे कॉलेज तिला नोकरी देणार होतं ते काही वर्षभर थांबणार नव्हतं.

सकाळी निघताना तिने मला बजावलं. "बाबा, मी तुमची मुलगी आहे हे परीक्षकांना कळता कामा नये. वशिला वाटेल. एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"वचन?"

दिलं. आता बापाचं वचन, तेही नीतिशास्त्रवाल्या मुलीला. मोडलं असतं तर तिने त्यावर दुसरा प्रबंध लिहिला असता.

पावणेअकराला परीक्षक आले. पुढे अध्यक्ष, अंगाने असे भरदार की कपाट सरकवत आणल्यासारखे आत आले. मागे चौघं. त्यांची नावं मला माहीत नव्हती, त्यांच्या बोलण्यावरून मीच ठेवली: बेरीजसाहेब, कर्तव्यबाई, सद्गुणकाका आणि करारसाहेब. मी जाळी ओढली. घंटा वाजली.

मी मोजले, आमच्या कामात मोजतात तसे, समोर बोट फिरवून. पाच. पाटीवर पाच, आत पाच, तरी घंटा. सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं.

"एकाने उतरायला हवं," करारसाहेब म्हणाले.

"'हवं' म्हणजे नेमकं काय?" अध्यक्षांनी विचारलं. तिथेच अकरा वाजून गेले.

बेरीजसाहेबांनी खिशातून कागद काढला. "एक उतरला तर एकाचं दुःख, चौघांचं सुख. सोपं आहे. मीच उतरतो." त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि परत आत घेतला. "पण माझा गुडघा दुखतो. गुडघा गुणिले सात मजले, शिवाय वर पोचल्यावर माझी चिडचिड, ती तुम्हा सगळ्यांना भोगावी लागणार. बेरीज उलटी जाते. अध्यक्ष उतरले तर मात्र एका माणसात सर्वांत जास्त वजन कमी होतं."

"माणूस हे वजन कमी करण्याचं साधन नाही," कर्तव्यबाई म्हणाल्या.

"आभारी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही बोलले. तत्त्व म्हणून बोलले."

सद्गुणकाकांनी डोळे मिटले होते. "खरा सज्जन," ते शांतपणे म्हणाले, "एव्हाना न बोलता उतरून चालायला लागला असता."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. काकांनी डोळे उघडले. "माझा अजून सराव चाललाय," ते म्हणाले.

करारसाहेबांनी तोडगा काढला, की आपलं वजन किती हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही असं आधी समजायचं आणि मग सर्वांना मान्य होईल असा नियम करायचा. अध्यक्षांनी तत्काळ होकार दिला. आपलं वजन माहीत नाही असं समजायची त्यांना बहुधा सवय होती.

आता पुढचं तुम्हाला पटणार नाही. बातमी पसरली. विद्यार्थी जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले, वह्या उघडल्या, कोणीतरी हजेरी घेतली. वर्गात कधी नसणारी मुलंही हजर. साडेअकरापर्यंत घंटेचा घसा बसला, ती नुसती खोकायला लागली. माझ्या समोर तिसऱ्या पायरीवर एक मुलगा आणि एक मुलगी 'इच्छा स्वतंत्र असते की नाही' यावर भांडायला लागले, आणि चर्चा संपायच्या आत त्यांचं लग्न ठरलं.

"चर्चा संपायच्या आत?" जावईबापू म्हणाले.

"चर्चा लांबली होती."

मी बसलो होतो दात आवळून. बोलावं तर वचन मोडतं, न बोलावं तर पोरीचं वर्ष जातं. आणि या प्रश्नावर सल्ला द्यायला जगातले सगळ्यात योग्य पाच जण माझ्यासमोर उभे होते, पण तेच लिफ्टमध्ये अडकलेले.

पाऊण तासाने कर्तव्यबाईंनी निकाल दिला. "जो नियम सर्वांना लागू करता येतो तोच योग्य. एकाने उतरणं योग्य असेल तर सर्वांनी उतरणं योग्य." आणि खरंच, पाचही जण शिस्तीत उतरले. घंटा थांबली, जाळी लागली. माझं काम दांडा ढकलायचं. मी ढकलला आणि रिकामी लिफ्ट घेऊन सातव्या मजल्यावर गेलो.

लेक दारातच उभी होती, प्रबंध छातीशी धरून. आत कोणी नाही हे पाहून तिचा चेहरा उतरला.

"परीक्षक कुठायत?"

"खाली."

"काय करतायत?"

"तुझाच विषय चाललाय."

ती हसली नाही. "बाबा, एक वाजेपर्यंतच वेळ आहे," एवढंच म्हणाली. मी खाली आलो. पाचही जण नियम पाळल्याच्या समाधानात परत आत शिरले. घंटा खोकली.

एकला दहा कमी. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मला वाटतं, परीक्षा पुढच्या वर्षी ठेवू." तेव्हा, जावईबापू, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी स्टुलावरून उठलो. एक अक्षर बोललो नाही, वचन होतं. अध्यक्षांच्या कमरेत हात घातला, खांद्यावर टाकले, आणि जिन्याला लागलो. विद्यार्थ्यांनी वाट करून दिली. इकडे घंटा बंद, लिफ्ट सुटली.

"अध्यक्षांना? खांद्यावर? सात मजले?"

"चौथ्यावर खांदा बदलला. पाचव्यावर त्यांनी 'उचलणे' म्हणजे काय, असं विचारलं, मी पुढची पायरी चढलो. एकला पाच कमी असताना त्यांना खुर्चीत ठेवलं. परीक्षा झाली, ही डॉक्टर झाली. पाच जणांनी दोन तास खल करून जे सुटलं नाही ते एका लिफ्टमनने पाठीने सोडवलं. म्हणून मी म्हणतो, नीतिशास्त्रात सिद्धांत एकच, कोणीतरी उचलावं लागतं."

जावईबापू माझ्या खांद्याकडे आदराने पाहायला लागले. मी तो जरा पुढे केला.

टेबलावर लाल पेन थांबलं.

"बाबा, खोटं," लेक म्हणाली. "वर जाळी मी उघडली होती. आतून पाच जण उतरले. अध्यक्ष सगळ्यांत पुढे, आणि दांडा कर्तव्यबाईंच्या हातात. तुम्ही नंतर जिन्याने आलात, एकटे, काखेत स्टूल, धाप लागलेली. पाच माणसांच्या लिफ्टमध्ये सहावे तुम्ही होतात. दोन तास ती घंटा तुमच्यामुळे वाजत होती."