किमची शिळी नव्हती

साताऱ्यात कुठं काय चांगलं मिळतं, हे मी तीन वर्षं लोकांना मोबाईलवरून सांगत होते. नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि सुट्टीच्या दिवशी हा उद्योग. चौदा हजार लोक माझं पेज बघायचे. भाजी घेताना कुणी “संयोगिताताई ना तुम्ही? मिसळीचा व्हिडिओ बघितला तुमचा,” म्हणालं की माझा दिवस चांगला जायचा.

कोरियन मालिका बघणाऱ्या पोरींमुळे गेल्या वर्षी गावात दोन-तीन ठिकाणी कोरियन खाणं सुरू झालं. पोवई नाक्याकडच्या एका नव्या हॉटेलात किमचीसुद्धा मिळते असं कळलं. किमची म्हणजे चायनीज कोबीचं लाल तिखट लोणचं म्हणा. मी ती आयुष्यात एकदाच खाल्ली होती, पुण्याच्या मॉलमधल्या प्लास्टिकच्या डबीतली. गोडसर होती. तेवढ्या एका डबीवर मी स्वतःला जाणकार समजत होते.

त्या हॉटेलात कॅमेरा सुरू करून मी पहिला घास घेतला. आंबट! जिभेवर चुरचुरलं, सोड्यासारखं. नाकात वास गेला. मी घास रुमालात थुंकला, तोंड वाकडं केलं आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, “हे चक्क आंबलंय. सातारकरांना शिळं खायला घालताय का?”

बाजूच्या टेबलावरची पोरं हसली. आतून स्वयंपाकी बाहेर आला. साठीचा माणूस, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची गोल टोपी. हात पुसत तो म्हणाला, “ताई, ते तसंच असतंय. पाच दिस आंबवल्याबिगर किमची व्हत न्हाई. तुमी बसा, मी सांगतो…”

“चाचा, मला नका शिकवू,” मी म्हणाले. “मी कोरियन खाल्लेलं आहे.”

तो पुन्हा हात पुसत आत गेला. हे सगळं व्हिडिओत होतं. मी त्याला नाव दिलं, ‘चाचांची शिळी किमची’.

आठवड्यात तो दोन लाख लोकांनी बघितला. माझ्या कुठल्याच व्हिडिओचं असं झालं नव्हतं. खाली लोक लिहायला लागले. आधी खाण्याबद्दल, मग त्या माणसाच्या टोपीबद्दल, मग त्याच्या धर्माबद्दल. काय काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही. मी ते एकेक वाचलं होतं. पुसून टाकायला मला दहा मिनिटं लागली असती. पण लोक जितकं लिहितील तितका व्हिडिओ पुढं जातो, हे मला माहीत होतं. मी हात लावला नाही.

पंधरा दिवसांनी हॉटेलनं किमची बंद केली. स्वयंपाकी सोडून गेला, असंही कानावर आलं. मी म्हटलं, बरं झालं, लोकांचं पोट वाचलं.

चार महिन्यांनी माझी मैत्रीण समीक्षा हिचा फोन आला. ती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करते. तिथं नवं यंत्र बसवायला कोरियाहून चोई नावाचे गृहस्थ आले होते.

“दोन महिने झाले, माणूस अंडी आणि ब्रेडवर जगतोय,” समीक्षा म्हणाली. “घरची आठवण काढून रडवेला होतो गं. तुला तर सगळं माहीत. चांगलं कोरियन कुठं मिळतं ते दाखव ना त्याला.”

मी फुशारून गेले. दोन रविवार मी चोईसाहेबांना साताऱ्यातल्या तीन ठिकाणी फिरवलं. ते सगळीकडं वाकून आभार मानत आणि ताटलीतलं निम्मं खात. तिसऱ्या ठिकाणी सॉसमध्ये कालवलेला कच्चा कोबी किमची म्हणून आला. “ही बरी आहे,” मी सांगितलं. त्यांनी एक फोड खाल्ली, काटा खाली ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत हळूच विचारलं, “सांगली लांब आहे का?” सांगलीजवळ कुपवाडला नुकतंच काम करून गेलेल्या त्यांच्या एका ओळखीच्यानं त्यांना तिथला एक पत्ता दिला होता.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कारखान्याच्या गाडीनं सांगलीला गेलो. शंभर फुटी रस्त्यावरून आत एका गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडलेली. कॉलेजच्या वयाची एक मुलगी पाणी घेऊन आली. तिच्यामागून एक माणूस भाताचं पातेलं घेऊन आला, ते टेबलावर ठेवून त्यानं हात पुसले, आणि मी त्याला टोपीवरून नाही, त्या हात पुसण्यावरून ओळखलं.

त्यानंही मला ओळखलं. एकदा माझ्याकडं बघितलं आणि वाढायला लागला. चोईसाहेबांच्या पुढ्यात किमची आली. त्यांनी एक घास तोंडात टाकला आणि ते चावायचे थांबले. मग मान खाली घालून खातच राहिले. तीनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि आमच्याकडं बघून इंग्रजीत म्हणाले, “माझ्या आईची अशीच आंबट असायची.”

माझ्याही पुढ्यात वाटी होती. मी घास घेतला. तीच आंबट चव, तेच चुरचुरणं, तोच वास. साताऱ्यात मी जे थुंकले होते तेच हे.

समीक्षानं चाचांना विचारलं, “तुम्ही कुठं शिकलात हो हे?”

“कुवेतला. एका कोरियन कंपनीच्या कँपात नऊ वर्सं मेसला हुतो. तिथला वस्ताद कोरियन हुता, त्यानं शिकवलं. कोबी मी पाचगणीकडनं आणतो, मिरची ब्याडगी. अन् थोडा जवळा घालाय लागतोय, त्याबिगर चव न्हाई.” मग तिला म्हणाले, “तुमच्या मैत्रिणीला वाढू का अजून?”

मी मान हलवून नको म्हटलं. सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं की या माणसाच्या किमचीला मीच शिळी म्हटलंय. नाही सांगितलं. परत येताना, माझा तो व्हिडिओ कधी न बघितलेली समीक्षा म्हणाली, “अगं, यांचा व्हिडिओ का नाही केलास?” “मोबाईलची बॅटरी गेली होती,” मी खोटं बोलले.

घरी येऊन मी तो व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काही हलकं वाटलं नाही. आठवडाभर ग्रंथालयात कुणी माझ्याकडं नुसतं बघितलं तरी वाटे, याला कळलंय. शेवटी रजा टाकली आणि एसटीनं एकटी सांगलीला गेले.

दुपारी टेबलं रिकामी होती. ती मुलगी भाजी निवडत बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच ती म्हणाली, “माहीत आहे. मी अल्फिया. त्यांची मुलगी. अब्बा नमाजला गेलेत, येतील.”

मी उभ्या उभ्याच सांगितलं की माझं चुकलं. किमचीतलं मला काही कळत नव्हतं. माहीत असल्याचा आव आणला.

“किमचीचं जाऊ द्या,” अल्फिया म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “खाली लोकांनी अब्बांबद्दल जे लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं होतं का?”

“हो.”

“कॉलेजात पोरं मला ते मोठ्यानं वाचून दाखवायची. मी रोज बघायचे, आज तरी ताईंनी पुसलं असेल. का नाही पुसलंत?”

मला वाटलं, लक्ष गेलं नाही म्हणावं. पण तिच्या समोर उभं राहून दुसरं खोटं बोलायची ताकद नव्हती.

“त्यामुळं व्हिडिओ जास्त चालत होता,” मी म्हणाले.

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तेवढ्यात चाचा आले. त्यांनी मला खुर्ची दिली. मी पुन्हा माफी मागितली.

“तुमाला ठावं नव्हतं, त्याचं काय न्हाई,” ते म्हणाले. “कुवेतला पयल्यांदा मी बी थुंकलीवती. पर मी सांगत हुतो तवा तुमी बसायला पायजे हुतं. दोन मिंटं.”

“मी माफीचा व्हिडिओ करते. तुमचं नाव घेऊन, सगळ्यांना सांगते.”

“नको,” अल्फियाच म्हणाली. “आमचं नाव परत घेऊ नका. लोक पुन्हा खाली लिहीत बसतील. त्यातनं आम्ही आत्ता कुठं सुटलोय.”

चाचांनीही नकाराची मान हलवली.

परत येऊन मी नाव न घेता एवढंच सांगितलं, की ती किमची शिळी नव्हती, आंबट असते ती तशीच असते, मला माहीत नव्हतं आणि माहीत असलेल्या माणसाला मी बोलू दिलं नाही. बाराशे लोकांनी बघितलं. कुणी लिहिलं, आता माफीवर लाइक मागतेय. त्यानंतर पेजवर काही टाकलं नाही. समीक्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “गाडीतच सांगायचंस की.” चोईसाहेब परत जाईपर्यंत दर रविवारी सांगलीला जात होते. मलाही बोलवायचे. मी काहीतरी कारण काढायचे.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात पुस्तक बदलायला आलेली एक विद्यार्थिनी थांबली. “मॅडम, तुम्ही खाण्याचे व्हिडिओ करायचात ना? खरी किमची कुठं मिळते हो?”

सांगली हा शब्द जिभेवर आला होता. मी तिला थांबायला सांगितलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन सांगलीच्या त्या हॉटेलच्या नंबरवर फोन लावला. अल्फियानं उचलला. मी कोण ते सांगितल्यावर तिकडं नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला.

“एक मुलगी विचारतेय,” मी म्हणाले. “पत्ता देऊ का? नको असेल तर नाही देत.”

“अब्बांना विचारते,” ती म्हणाली. मी फोन कानाला लावून उभी राहिले.