चाळीस चाकं आणि एक जादा शून्य

मित्रांनो, मी एक जुना डायल गेज आहे. माझं तोंड घड्याळासारखं असलं तरी मला वेळ विचारू नका. डोकं आधीच फिरलेलं आहे. फिरत्या गोल वस्तूवर माझं टोक टेकवलं, की ती मध्यापासून किती ढळते ते माझा काटा सांगतो. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

बावीस वर्षं मी टर्नरकाकांच्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनवर, काढली. रोज ते मला मऊ फडक्याने पुसून डब्यात ठेवायचे. "हा आपल्याला तोंडावर खरं सांगतो," म्हणायचे. मी केवढा फुगायचो! मूर्ख कुठला.

मग ट्रॉलीच्या चाकांचं काम आलं. नव्या डिझायनर साहेबांनी कंप्युटरवर एका नाजूक मशीनच्या पुलीचं जुनं मॉडेल उघडलं, मापं बदलली आणि गोलाशेजारची चौकट तशीच राहू दिली. आतल्या भोकाचा आणि बाहेरच्या गोलाचा मध्य जुळण्यात किती फरक चालेल, ते त्या चौकटीत असतं. तिथे होतं ०.०१ मिलिमीटर, म्हणजे माझं जेमतेम एक घर.

काका म्हणाले, "साहेब, हे चाक पोती वाहणार की विमान उडवणार? इतकं बारीक कशाला?"

"मॉडेलमध्ये आहे ना? मग हवंच."

चाळीस चाकं झाली. तपासताना प्रत्येक चाकावर माझा काटा चार घरं हलला. मी खरं तेच सांगितलं. चाळीसच्या चाळीस नापास.

"काका, हात थरथरायला लागलाय तुमचा. आता घरी बसा," साहेब म्हणाले. काका भांडले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. माझ्यावर विश्वास होता ना त्यांचा! त्या दिवशी मला डब्यात ठेवायला ते विसरले.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या टर्नरचीही चाकं नापास झाली, तेव्हा कुठे साहेबांनी ती चौकट उघडली आणि एक शून्य खोडलं. ०.१. झालं काम! भंगारातली काकांची चाकं काढली, पुसली आणि ट्रॉल्यांना बसवली. काकांना परत बोलवायचं सोडाच, साधं कळवलंही नाही कुणी.

आता माझा काटा अडकलाय. मला भंगारात न्यायला त्यातलीच एक ट्रॉली आली आहे. काकांची चाकं इतकी छान चालताहेत, की मला रडू येतंय.

मला जपा, तेल लावा, असलं काही मी मागत नाही. मित्रांनो, उद्या कंप्युटरवर एखाद्या गोलाला अशी चौकट लावाल, तेव्हा ती वस्तू काय काम करणार आहे, एवढं आधी विचारा. आणि कुठे एखादे म्हातारे टर्नर आपल्या हाताकडे बघत बसलेले दिसले, तर त्यांना सांगा, "काका, तुमच्या हाताला काहीही झालं नव्हतं."