लखनची बदली

मोलगीच्या ॲम्ब्युलन्सवर लखन नावाचा ड्रायव्हर होता, आणि असा ड्रायव्हर अख्ख्या सातपुड्यात झाला नाही. तीन वर्षांत एकदा आजारी नाही, एक रजा नाही, बिडी नाही, बाटली नाही. जेवताना त्याला कुणी पाहिलं नाही. खरं म्हणजे त्याला कुणी पाहिलंच नाही. तो आईच्या पोटी नाही, ठेकेदार कंपनीच्या सुपरवायझरच्या, भूपेशसाहेबाच्या टेबलावर जन्माला आला होता. ओळखपत्रावर फोटो साहेबाच्या साल्याचा, आणि साला सुरतेला मोबाइलचं दुकान चालवायचा.

गाडी हाकायचा पितांबर.

पितांबर कोरीटचा, हाडामासाचा माणूस, त्यातही हाडं जास्त. भिंतीवरच्या तक्त्यात सकाळी आठ ते रात्री आठ पितांबर आणि रात्री आठ ते सकाळी आठ लखन, असं लिहिलेलं होतं. म्हणजे निम्मा दिवस तो पितांबर असायचा, उरलेला लखन. झोपायचा कधी म्हणाल, तर देवगोईच्या घाटात. चढाला डावा डोळा मिटायचा, उताराला उजवा. एकदा सपाटीला दोन्ही मिटले, तर गाडी आपली आपण तालुक्याच्या दवाखान्यापुढे जाऊन उभी राहिली आणि दोनदा हॉर्नही वाजवला म्हणे. तिलाही तोवर ड्यूटी पाठ झाली होती.

लखनचा पगार सुरतेच्या खात्यात पडायचा आणि त्यातला अर्धा साहेब पितांबरला रोख आणून द्यायचा. पितांबरचा स्वतःचा पगार तीन-तीन महिने लांबायचा, लखनचा मात्र पहिल्या तारखेला. घर चालायचं ते लखनच्या जिवावर. म्हणून पितांबर गप्प. मागे बसणाऱ्या डॉक्टर बदलत राहायच्या. नवी आली की विचारायची, लखन कोण? हा म्हणायचा, फार गरीब माणूस आहे, बोलत नाही.

आता यातली गोम अशी. डोंगरातल्या पाड्यांवर गाडी जात नाही. बांबूला झोळी बांधून चार जण पेशंटला खांद्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणतात आणि तोवर गाडी तिथे उभी ठेवावी लागते. पहाटे पाचला कॉल आला की तो लखनचा कॉल. झोळी उतरायला सात वाजणार, पेशंट पोचवून मोलगीला परतायला दहा. मग वहीत असं पडायचं की लखन दहाला उतरला, म्हणजे बिचाऱ्याने दोन तास जास्तीचे केले. आणि पितांबर दहाला चढला, म्हणजे दोन तास उशिरा आला. एकाच बुडाने गाडीची सीट झिजत होती, पण शाबासकी लखनला आणि लाल रेघ पितांबरला. अक्षर दोन्हीकडे पितांबरचंच, फक्त लखनचं नाव लिहिताना तो पेन जरा डावीकडे कलवायचा.

एकदा त्याने पहाटेचा कॉल स्वतःच्या नावावर टाकून पाहिला. साहेबाचा लगेच फोन आला, की मग लखन त्या वेळी कुठे होता, त्याची चौकशी लावू का? पितांबरने पान फाडलं आणि नवं लिहिलं. त्यानंतर त्याने लखनला डाग म्हणून लागू दिला नाही. पोटच्या पोराला कुणी जपणार नाही इतकं जपलं.

घरी ममता होती. त्याची बायको, प्रकाशा गावची लेक. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला यायचा, ती माहेरी जायची, झोके खेळायची. सण झाला की नवऱ्याने आणायला जायचं, ही रीत. पितांबर तीन वर्षांत एकदाही गेला नव्हता. यंदा निघताना तिने फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "एक साल मामा, तुम्हना बाप, उनात लेवाले. एक साल मन्हा भाऊनी आनी सोडं. एक साल मी एकली यष्टीमा उनू, बठ्ठा गावनी दखं. यंदा तुम्ही येशात तरच मी येसू."

पितांबर म्हणाला, येतो. आणि त्याला खात्री होती, कारण नंदुरबारच्या गाडीवरचा ड्रायव्हर नोकरी सोडून गुजरातला गेला होता. जागा रिकामी. तिथून कोरीट हाकेच्या अंतरावर, रोज घरी भाकरी. मोलगीच्या तक्त्यावरून एकाला तिकडे घेणार होते. कुणाला, ते पुण्याचा कॉम्प्युटर रेकॉर्ड बघून ठरवणार होता. तीन वर्षं चोवीस तास गाडी हाकणारा दुसरा आहे कोण, असं पितांबरला वाटलं. त्याने नवा शर्ट शिवून घेतला आणि ममताला कळवलं की सोमवारी येतो, बदलीचा कागद खिशात घालूनच येतो.

आखाजी होऊन पाचव्या दिवशी, बाजारच्या गर्दीतून वाट काढत भूपेशसाहेबाची जीप आली. साहेब उतरला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. पितांबरने आधी पेढा तोंडात टाकला आणि मग कागद वाचला. निष्कलंक सेवा, एकही उशीर नाही, अमुक इतके तास स्वेच्छेने जादा काम. या सगळ्याबद्दल श्री. लखन यांची नंदुरबार येथे बदली.

पेढा गिळावा की थुंकावा, ते त्याला कळेना.

साहेब समजूत घालत राहिला. कॉम्प्युटर काय माणसाची तोंडं बघतो का, तुमच्या नावापुढे एकशे चाळीस लाल रेघा आहेत, त्यात माझा काय दोष. पितांबर म्हणाला, मग मीच लखन म्हणून नंदुरबारला जातो. साहेब हसला. नंदुरबारला हाकणारा माणूस त्याने आधीच बघून ठेवला होता, तोही अर्ध्या पगारावर. पितांबर म्हणाला, मी वर जाऊन सांगेन की लखन नावाचं कुणी नाही. साहेबाने तीन वर्षांच्या वह्या जीपमधून काढल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवल्या.

"सांगा ना, भो. लखन नही म्हनीसन सांगा. मंग ह्या हजार सह्या कोनन्या शेतीस, तेबी सांगज्यात."

पितांबर त्या डावीकडे कललेल्या अक्षरांकडे बघत राहिला. इतकं सुंदर अक्षर त्याने शाळेतही काढलं नव्हतं.

साहेबाने बदलीचा कागद पुढे सरकवला. ज्याची बदली झाली त्याने तो मिळाल्याची सही करायची असते, त्याशिवाय त्याला इथून सोडता येत नाही. पेनही साहेबानेच उघडून दिलं. पितांबरने हात कलवून लखनची सही केली. बदली स्वीकारली, मोलगीचा चार्ज सोडला, तारीख टाकली.

मग त्याने हलकेच विचारलं की आता रात्री कोण? साहेब म्हणाला, भरती निघेपर्यंत जागा रिकामी. पण गाडी थांबता कामा नये. अर्धा पगार अर्थातच लखनबरोबर नंदुरबारला गेला.

"साहेब, माले दोन दिन द्या. बायकोले लेवाले जानं शे."

"लखनले शे ना सुटी. बदलीवर आठ दिन भेटतस."

"मी माले सुटी मांगी ऱ्हायनू."

"कालपावत लखन व्हता, तेले तुमनी जागावर दखाडी देतू," साहेब रुमालाने बोटं पुसत म्हणाला. "आते आठे कोन शे?"

जीप गेली. पेढ्यांचा पुडा गाडीच्या बॉनेटवर राहिला, त्यावर माश्या बसल्या. पितांबरने ममताला फोन लावला. कागद आला का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, आला. मग सोमवारी किती वाजता येता, म्हणाली. तेव्हा त्याने सगळं सांगितलं, सहीसुद्धा सांगितली. मागे झोक्याचा कर्रकर्र आवाज येत होता, तो थांबला.

"म्हनजे आठ दिन सुटी शे लखनले," ती म्हणाली.

"शे."

"आनि तुम्ही तेनी सही करी दिनी. तुम्हनाच हातनी."

पितांबरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग आठून पुढे तुम्हनी बायकोबी तशीच धरा. कागदवर नाव ऱ्हाऊ द्या मन्हं, मी ना म्हनत नही. कोरीटले मी आते येत नही."

तिने फोन ठेवला. पितांबरने पुन्हा लावला, तर तिच्या भावाने उचलला आणि सांगितलं की ताई झोक्यावर आहे, घाईचं काम असेल तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना कळवा.

तेवढ्यात गाडीतला मोबाइल वाजला. काठी गावाकडच्या एका पाड्यावरून झोळी निघाली होती. पितांबरने पुडा बॉनेटवरून उचलून माश्यांसकट मागच्या डॉक्टर मॅडमला दिला, म्हणाला, घ्या, बदलीचे आहेत, आणि गाडी चालू केली.