माझा हॉर्न अडकला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझा एक आरसा मूळचा आहे, दुसरा कुठल्याशा वेगळ्याच गाडीचा. टाकीचा निळा रंग गुडघे घासून घासून दोन्ही बाजूंनी उडाला आहे. रस्त्याने जाताना कुणी वळून बघावे असे माझ्यात आता काही उरलेले नाही. पण माझ्या आयुष्यात एक संध्याकाळ अशी येऊन गेली, की ती आठवली म्हणजे वाटते, आपण जन्माला आलो ते बरे झाले.

मी एका मोठ्या कारखान्यात जन्मले. सरकत्या पट्ट्यावर आधी माझा सांगाडा आला, मग इंजिन, मग चाके. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझा ब्रेक दाबून पाहिला, कागदावर खूण केली आणि पाठ फिरवली. त्या कौतुकाचा एखादा शब्द बोलतील असे मला वाटले होते. पण त्यांच्यासमोर त्या दिवशी माझ्यासारख्या दीडशे जणी उभ्या होत्या.

माझा पहिला मालक फोटोग्राफर होता. तो मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसायचा. पुढे त्याने चारचाकी घेतली आणि माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. दोन वर्षे माझ्या सीटवर कोंबड्या बसत होत्या. त्यातली एक तर अंडीही तिथेच घालायची. मग एके दिवशी दोन बहिणी आल्या, त्यांनी कोंबड्यांना हुसकावले आणि मला घरी नेले.

या बहिणींचे चष्म्याचे छोटे दुकान होते. थोरली दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायची. काच घासताना ती श्वाससुद्धा बेताने घेई. धाकटीला चार भिंतींत करमत नसे. ती माझ्या मागे पेटी बांधून खेडोपाडी जाई, ज्यांना शहरापर्यंत येणे जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासी आणि पुढच्या खेपेला त्यांचे चष्मे नेऊन देई. शिवणकाम करणाऱ्या एक आजीबाई चार वर्षे शेजारणीकडून सुईत दोरा ओवून घेत होत्या. चष्मा लावल्यावर त्यांनी आधी स्वतःचे हात निरखले आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी एवढी म्हातारी झाले आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही!" धाकटी हसता हसता माझ्यावर येऊन टेकली. अशा दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटे.

धाकटी मनाने सोन्यासारखी, पण हलगर्जी. माझ्या चाकांवर मागच्या महिन्याचा चिखल असे. साखळी तेलावाचून करकरत असे. बॅटरी तर इतकी मलूल झाली होती, की हॉर्न दाबला तर सर्दी झालेल्या बेडकासारखा आवाज येई. थोरली रोज तिच्या कानीकपाळी ओरडायची. धाकटी म्हणायची, "उद्या करते, ताई." तिचा तो उद्या कधी उजाडलाच नाही.

शेवटी धाकटी तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरलीने डाव साधला. तिला मला चालवता येत नव्हते. पदर खोचून, दोन गल्ल्या मला ढकलत ती मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली. ब्रेक नीट करून घेतले, नवी बॅटरी बसवली. हॉर्न कोणता लावू, असे मिस्त्रींनी विचारले, तेव्हा घाम पुसत ती म्हणाली, "बहिऱ्यालाही ऐकू जाईल असा लावा." बरी झाल्यावर धाकटीने तो वाजवून पाहिला आणि दचकून खालीच उतरली. मला म्हणाली, आता तू मोटरसायकल राहिली नाहीस, जहाज झालीस.

त्यानंतर महिनाभराने ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी आम्ही तीन गावे केली. एक चष्मा तेवढा उरला होता, कारण त्याचे मालक लेकीकडे गेले होते. परतताना सूर्य अगदी समोर होता. रस्त्याच्या एका बाजूला मक्याची उंच शेते, दुसऱ्या बाजूला रान. धाकटी काही फार वेगात नव्हती. अचानक मक्यातून एक रानडुक्कर उसळी मारून बाहेर आले आणि आमच्या पुढून रस्ता ओलांडून झुडपात शिरले. धाकटीने कचकन ब्रेक दाबला. नीट केलेले ब्रेक लागले, मी जवळजवळ थांबलेच. "वाचलो गं बाई," ती मला म्हणाली, आणि तिने पुन्हा वेग घेतला.

मित्रांनो, चुकले ते इथेच. रानडुकरे त्या वेळी बरेचदा कळपाने निघतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. पहिले गेले म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि दुसरे, चांगले दांडगे, थेट माझ्या पुढच्या चाकावर येऊन आदळले.

माझे हँडल पिळवटले. मी आडवी झाले आणि घासत घासत कडेच्या काटेरी झुडपात घुसले. धाकटी माझ्यावरून उडून खालच्या कोरड्या चरात, उंच गवतात पडली. ते डुक्कर दोन कोलांट्या खाऊन उठले, क्षणभर भांबावून उभे राहिले आणि आपल्या सोबत्याच्या मागे निघून गेले. माझे इंजिन बंद पडले होते. पण हँडल दगडावर आपटून हॉर्नचे बटण आत रुतून बसले होते. माझा हॉर्न सुरू झाला आणि थांबेना.

धाकटीने डोळे उघडले. तिच्या हेल्मेटला कपाळापासून कानापर्यंत तडा गेला होता, पण आतले डोके शाबूत होते. पाय मात्र भलत्याच बाजूला वळला होता. फोन पिशवीसकट कुठेतरी उडाला होता. तिने ओरडायचा प्रयत्न केला, पण बरगड्यांतून अशी कळ गेली की तोंडून नुसती हवा बाहेर पडली. रस्त्यावरून बघणाऱ्याला ती दिसणे शक्य नव्हते आणि झुडपात मीही दिसत नव्हते. एक ट्रक गेला. मागून कुणी साइड मागते आहे असे त्या ड्रायव्हरला वाटले असावे. त्याने हात बाहेर काढला, पुढे जा अशी खूण केली आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.

"गप ना गं," धाकटी मला कळवळून म्हणाली. "डोकं फुटतंय माझं."

ती कोपरावर सरपटत माझ्या किल्लीपर्यंत यायला बघत होती. चार बोटांचे अंतर राहिले आणि तिचे बळ संपले. आयुष्यात मी तिचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र तिचा हात किल्लीपर्यंत पोचला नाही, याचे मला बरे वाटले.

सूर्य बुडाला. माझी बॅटरी उतरू लागली. आवाज आधी चिरका झाला, मग घोगरा, मग कण्हल्यासारखा. आता थांबणार, असे वाटत असतानाच मक्यातून पावले वाजली.

एक मधवाले काका हातात काठी घेऊन तणतणत येत होते. शेताच्या पलीकडे त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. अर्धा तास चाललेल्या त्या भोंग्याने आपल्या माश्या बिथरतील या धास्तीने ते वाजवणाऱ्याची खरडपट्टी काढायला निघाले होते. झुडपात त्यांना मी दिसले. मग गवतातला हात दिसला. त्यांनी काठी टाकली, माझी किल्ली फिरवली आणि एकदम सगळीकडे शांत झाले.

"हलू नकोस, पोरी," ते खाली बसत म्हणाले. "मी आहे इथं."

त्यांनी फोन करून रुग्णवाहिका बोलावली, अंगातले जाकीट तिच्यावर पांघरले आणि तिला झोप लागू नये म्हणून बोलत राहिले. राणीमाशी कशी ओळखायची, मध कधी काढायचा, सगळे सांगून झाले. मध्येच धाकटीने विचारले, "डुक्कर गेलं का हो?" काका उठले, मोबाइलच्या उजेडात माग बघून परत आले आणि म्हणाले, "चार पायांवर गेलंय. रक्ताचा थेंब नाही." ते ऐकल्यावर ती पहिल्यांदा रडली.

तिला घेऊन गेले आणि मला दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून मिस्त्रींकडे आणले. तिथेच मला कळले, की पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले आहे, दोन बरगड्यांना चीर आहे, पण जिवाला धोका नाही. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," असे मिस्त्री येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

थोरली आली ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, की ही आता घरात नको, भंगारात द्या. मिस्त्रींनी थोडे दिवस थांबायला सुचवले. मी भिंतीला टेकून पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली. थोरलीचा राग मला समजत होता, त्यामुळे अधिकच वाईट वाटत होते.

तीन आठवड्यांनी ती माझी कागदपत्रे न्यायला आली, आणि योगायोगाने त्याच वेळी मधवाले काका गवतात सापडलेली चष्म्यांची पेटी घेऊन तिथे पोचले. धाकटीला त्या संध्याकाळचे धड काही आठवत नव्हते, म्हणून थोरलीने सगळे पहिल्यांदाच ऐकले ते त्यांच्या तोंडून.

"आणि हॉर्न वाजला नसता तर?" तिने विचारले.

काकांनी पेटी खाली ठेवली. "तर मी पेट्या झाकून दुसऱ्या वाटेनं घरी गेलो असतो, ताई. ती रस्त्यावरून दिसत नव्हती."

थोरली जवळच्या टायरवर मटकन बसली. दोन गल्ल्या मला ढकलत आणले होते, तो दिवस तिला आठवला असणार. ती तोंड झाकून रडली आणि मिस्त्री उगाच एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले. मग ती उठली आणि माझ्या टाकीवर हात ठेवून म्हणाली, "मिस्त्री, हिला उभी करा. आणि मला चालवायला शिकवा."

"तुम्हाला?"

"गावोगावचे चष्मे तयार होऊन पडलेत. लोक किती दिवस चाचपडत बसणार?"

वयाच्या पन्नाशीत ती शिकली, मित्रांनो. पहिल्या दिवशी तिने मला अकरा वेळा बंद पाडले आणि एकदा एका कुंपणात घातले. पण ती शिकली, आणि एकेक करत सगळे चष्मे पोचवले.

चार महिन्यांनी धाकटी पुन्हा माझ्यावर बसली, ती मागे. त्या रस्त्यावर आलो तेव्हा दुपारचे ऊन होते. तिने थोरलीला घट्ट धरले होते. मक्याची शेते आली, ते झुडूप आले आणि मागे गेले. हळूहळू तिची पकड सैल झाली. मग मागून आवाज आला, "ताई, तिसरा गियर टाक की आता. बैलगाडीसुद्धा पुढे जाईल."

"तू गप बस," थोरली म्हणाली.

आणि दुसऱ्याच गियरमध्ये, रमतगमत, भांडत, आम्ही तिघी घरी आलो.

मित्रांनो, रानातल्या रस्त्याने जाताना एखादे जनावर समोरून गेले, तर लगेच पुढे निघू नका. जरा थांबा, मागचे येऊ द्या. ती वाट आपल्या आधीपासून त्यांची आहे. डोक्यावर हेल्मेट घाला. आणि तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिची साखळी, तिचे ब्रेक, तिची बॅटरी आजच बघा. आम्ही तुम्हाला जीव लावू शकतो; पण तुमचा जीव वाचवायचा, तर आम्ही धडधाकट असावे लागते.