ज्याचा पगार, त्याने बाहेर

त्या नगरपालिकेत एक जुनी शिस्त होती: ज्याच्या पगाराचा विषय निघेल, त्याने उठून बाहेर जायचं. तोंडावर कुणाचं मोल करू नये, एवढाच त्यामागचा चांगुलपणा. चांगुलपणाने माणसाची कशी वाट लागते ते बघायचं असेल, तर वकीलबाईंकडे बघावं.

बाई नगरपालिकेच्या कायदा अधिकारी. कंत्राटदाराने हात वर केले, शाळेच्या मैदानावर एखाद्या बिल्डरने डोळा ठेवला, की सगळे धावत त्यांच्याकडे. पण दरवर्षी त्यांच्या पगारवाढीचा विषय आला की त्या बाहेर, आणि आत नगराध्यक्ष गंभीर चेहऱ्याने विचारणार, "यावर कायदेशीर अभिप्राय आहे का?" अभिप्राय देणारी बाहेर बाकावर! मग विषय पुढच्या वर्षावर. यात काही चुकतंय असं आतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

यंदा मात्र बाईंच्या नाकातोंडात पाणी जायची वेळ आली होती. नवऱ्याचं दुकान बसलं होतं. दूरच्या शहरातल्या एका कंपनीने जवळपास दुप्पट पगार देऊ केला होता. तिकडेच राहायचं, सुट्टीला घरी यायचं, आणि आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं. बाईंना जायचं नव्हतं. मैदानाचा खटला अर्ध्यात होता आणि लेक अजून शाळेत होती. पण नुसत्या नको म्हणण्याने घर चालत नाही.

सकाळी कपाटावरची प्रवासाची बॅग गायब होती.

"माझी बॅग कुठे गेली गं?"

"मला काय माहीत? तुझी बॅग, तूच शोध," लेक म्हणाली आणि आधीच बांधलेली बुटाची लेस पुन्हा बांधत बसली. बाईंनी त्या लेसकडे एकदा पाहिलं आणि पर्स उचलून त्या कामाला निघाल्या.

दुपारी सभा भरली. शेजारच्या गावांतले पगार समोर ठेवून या वेळी सगळ्या अधिकाऱ्यांचे पगार एकदमच ठरवू, म्हणजे वेळ वाचेल, असं नगराध्यक्षांनी जाहीर केलं. आणि शिस्त म्हणजे शिस्त! अभियंता बाहेर, आरोग्य अधिकारी बाहेर, हिशेबनीस बाहेर, सभेचं इतिवृत्त लिहिणारे सचिवही बाहेर. एका बाकावर सगळी नगरपालिका दाटीवाटीने बसली आणि आत उरले नुसते नगरसेवक.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. 'कात्री' बाहेर आले. खर्च दिसला की कापणारे म्हणून या नगरसेवकांना गावाने ठेवलेलं हे नाव. त्यांना बघून बाकावरच्यांचे चेहरे पडले.

"माईक कसा लावायचा हो?"

"लाल बटण दाबा," सचिव म्हणाले.

कात्री आत गेले आणि लगेच परत आले. "बाई, हा ठराव साध्या बहुमताने होतो का?"

"मला सांगता येणार नाही. विषय माझ्याही पगाराचा आहे."

"मग विचारायचं कुणाला?"

"तेच तर!"

कात्री दारातच थबकले. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "म्हणजे इतकी वर्षं तुमचा अभिप्राय नाही म्हणून आम्ही तुमचीच पगारवाढ लांबवतोय?"

"हो."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तो अभिप्राय झाला असता."

कात्रींनी कपाळावर हात मारला. "शेजारच्या गावाच्या वकिलाला विचारलं तर?"

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. "फोन नगराध्यक्षांच्या टेबलावर आहे," हिशेबनीस छताकडे बघत म्हणाले.

आता त्या लाल बटणाने आतला माईक चालू होतो तसा बाहेरचा कर्णाही चालू होतो, हे आतल्या कुणाच्या गावी नव्हतं. कात्रींचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमला. सचिव सांगायला उठले, तर आरोग्य अधिकाऱ्यांनी त्यांची बाही ओढून खाली बसवलं. वकीलबाई मात्र हे ऐकणं बरं नव्हे म्हणून जिन्याकडे गेल्या. तिथेही एक कर्णा होताच.

"मी आजवर कापतच आलो," कात्री म्हणत होते, "पण जिने आपलं मैदान धरून ठेवलंय तिलाच आपण बाकावर बसवून ठेवलं, ही काटकसर नाही, हा मूर्खपणा आहे! ती गेली तर मैदान वाचवायला कोण, तुम्ही उभे राहणार की मी? साधं बहुमत पुरतं असं शेजारच्या गावाच्या वकिलाने फोनवर सांगितलंय, लेखीही पाठवतोय. शेजारी देतात तेवढं सगळ्यांना द्या. हात वर करा."

बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत आपल्याबद्दल कुणी असं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना रडू आलं.

दार सताड उघडलं. "ठराव मंजूर! या सगळे आत," कात्री ओरडले आणि वेड्यावाकड्या अक्षरातला कागद बाईंपुढे धरला. "आता तरी वाचा. आम्हाला काही नीट लिहिता येत नाही."

बाईंनी वाचला. आकडा कंपनीच्या जवळपासही नव्हता. पण तो रास्त होता आणि घर त्यात चालणार होतं. त्यांनी कागद सचिवांकडे दिला, खिडकीशी जाऊन कंपनीला फोनवर नम्रपणे नकार कळवला, आणि मग घरी फोन लावला.

"बॅग सापडली का?" लेकीने बारीक आवाजात विचारलं.

"नाही गं. जिथे लपवलीस, तिथेच राहू दे."